पिंकीची शुगर एकशे नव्वद

"इंगळे मॅडम, हे तुमचं मशीन वापस घ्या. एकदम खोटं बोलतंय."

फणसे काकांनी ग्लुकोमीटर आमच्या काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी पिंकीला ठेवलं. पिंकी म्हणजे त्यांची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. काका पोस्टातून रिटायर झालेले, राहायला इंदूरच्या सुदामा नगरात. त्यांना स्वतःला डायबेटीस होता, म्हणून त्यांनी आमच्याकडून मीटर घेतला होता. पुढे पिंकीलाही डायबेटीस निघाला. मग दोघांचं रक्त एकाच मीटरवर तपासणं सुरू झालं.

"काय झालं काका?"

"मीटर म्हणतो, हिची शुगर एकशे नव्वद. अरे, माझीच एवढी असते! माझा डॉक्टर म्हणतो, या वयात चालतं. मग हिलाही चालायला पाहिजे की नाही? पण ही बालटीभर पाणी पिते, दिवसभर मुतते आणि वाळत चालली आहे. हाड हाताला लागतं, बघा."

आतून ललितजी बाहेर आले. ललितजी आमचे मालक. मुंबईच्या एका कंपनीची मीटर आणि स्ट्रिप्सची एजन्सी त्यांच्याकडे होती.

"भाई साहब, ये आदमी का मीटर है. कुत्ते के लिए कंपनी की कोई गारंटी नहीं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "मैडम, वापस मत लेना."

मी पिंकीला हात लावला. तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाजवळ श्वास सोडला. तो वास मला चांगलाच ओळखीचा होता. ॲसिटोनचा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीला येतो तोच.

मी काकांना म्हटलं, "मीटर माझ्याकडे द्या, बरोबर घेते. हिला घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."

तो वास मला कसा माहीत, ते सांगायला हवं. मी मूळची महूची. आजोबा फौजेत होते, वडील महूलाच सरकारी नोकरीत. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि इंदूरच्या एका कापड मिलच्या डाय हाउसच्या लॅबमध्ये लागले. डाय हाउस म्हणजे रंगखातं. तिथे काचेची भांडी आम्ही ॲसिटोनने धूत असू. वर्षानुवर्षं तो वास माझ्या ओढणीला होता. मग मिल बंद पडली. एकट्या आमचीच नाही, एकामागून एक सगळ्याच. गेटवर नोटीस लागली आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होतो, जणू चौथ्यांदा वाचल्यावर मजकूर बदलणार होता.

त्याच सुमाराला बाजार उघडला होता. बाहेरच्या वस्तू सरळ दुकानात यायला लागल्या होत्या. ललितजींना या नव्या मशीनची माहिती लोकांना समजावून सांगणारं माणूस हवं होतं. मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हा मेडिकलमधलं मला काहीही येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मिल में करती क्या थीं?" मी म्हटलं, व्हॅट रंगाच्या टाकीत इलेक्ट्रोड बुडवून रेडॉक्स मोजायचे. म्हणजे रंगाला किती इलेक्ट्रॉन मिळालेत, ते बघायचे. त्यांनी एक स्ट्रिप माझ्यापुढे सरकवली. "इसमें भी इलेक्ट्रोड ही है. सोमवार से आ जाइए." मिलवाल्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्या दिवसांत हे घडलं. मी ते विसरले नाही.

आणि खरंच, त्या स्ट्रिपमध्ये फार मोठं गूढ नाही. तिच्या टोकाला एक एन्झाइम वाळवून लावलेलं असतं. एन्झाइम म्हणजे शरीरातली एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. हे एन्झाइम फक्त ग्लुकोज पकडतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रोडवर गेले की बारीकसा करंट वाहतो. जेवढी साखर, तेवढा करंट. मीटर तो करंट मोजतो आणि त्याचा आकडा करून दाखवतो. एवढंच.

डॉ. नीलिमा देशमुख यांचं क्लिनिक काकांच्या घरापासून जवळच होतं. त्या जनावरांच्या डॉक्टर, परभणीहून शिकून आलेल्या, नवरा इथल्या कॉलेजात शिकवायला लागला म्हणून इंदूरला आलेल्या. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांनी दवाखाना थाटला होता. आमचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून त्यांना अजून हसू यायचं.

त्या दिवशी हसल्या नाहीत. पिंकीचा वास घेतला, लघवी तपासली आणि म्हणाल्या, "कीटोन आहेत. शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळतंय. काका, मी तुम्हाला इन्सुलिन वाढवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण मशीन म्हणतं, शुगर ठीक आहे. वाढवून कमी-जास्त झालं तर?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "घरात आम्ही दोघंच आहोत, डॉक्टर."

डॉक्टरांनी पिंकीचं रक्त काढलं. थोडं आमच्या मीटरवर टाकलं, बाकीचं फ्लोराइडच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजी लॅबला पाठवलं. रक्त साध्या बाटलीत ठेवलं, तर त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. फ्लोराइड त्यांचं खाणं थांबवतं. मीटरवर पुन्हा एकशे नव्वदच्या आसपास आकडा आला. लॅबचा आला दोनशे ऐंशी.

डॉक्टरांनी लॅबचा आकडा धरला. पिंकीला सलाइन लावलं, इन्सुलिन वाढवलं आणि ठेवून घेतलं. काका समोरच्या स्टुलावर बसून राहिले, घरी जायला तयार होईनात.

ऑफिसला परतल्यावर मी मीटर तपासला. कंपनीचं एक साखरेचं पाणी येतं, ठरावीक साखर घातलेलं. त्यावर मीटर बरोबर. स्वतःचं बोट टोचलं, लॅबशी ताडलं. बरोबर. काकांचं रक्त ताडलं, तेही बरोबर. म्हणजे मीटर चांगला, स्ट्रिपही चांगली. चुकत होता तो फक्त पिंकीच्या रक्तावर.

मी ललितजींना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कारण मला माहीत नसलेली एक गोष्ट त्यांनी करून ठेवली होती. काकांना 'गारंटी नहीं' म्हणणाऱ्या ललितजींनीच मुंबईला फोन करून सांगितलं होतं, मालव्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांचं सगळं मार्केट मी उघडून देतो. मीटरची खोकी येऊन पडली होती. शहरातल्या एका हॉटेलात व्हेटर्नरी डॉक्टरांची मीटिंग ठरली होती. ब्रोशरही छापून आलं होतं. त्यावर गाय, घोडा आणि कुत्रा, तिघं एका ओळीत उभे होते, आणि खाली लिहिलं होतं, सर्व प्राण्यांसाठी अचूक.

"मैडम, आप कंपनी की तरफ हैं या कुत्ते की तरफ?" त्यांनी विचारलं.

"सर, कुत्ता तो मीटर खरीदेगा नहीं, डॉक्टर खरीदेगा. और एक बार उसका जानवर मर गया तो वो हमारा फोन भी नहीं उठाएगा."

त्यांनी कॅलेंडरवर मीटिंगची तारीख बघितली. मग म्हणाले, "मीटिंग तक टाइम है आपके पास. कुछ रास्ता निकालिए."

रास्ता म्हणजे एकच. पुष्कळ कुत्र्यांचं रक्त मीटरवर आणि लॅबमध्ये एकाच वेळी तपासायचं आणि फरक किती ते बघायचं. डॉ. देशमुख लगेच तयार झाल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांचं तसंही कशा ना कशासाठी रक्त काढलं जायचंच. त्यातला एक थेंब मला मिळायचा. मी माझी सुट्टी त्यांच्या दवाखान्यात घालवायला लागले. माझी सासू म्हणायची, "मिल सुटली तर कुत्री धरलीस." पण डबा दोघींचा द्यायची.

हळूहळू कारण कळायला लागलं. डॉक्टरांनी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या लायब्ररीतून परदेशी जर्नल शोधून आणलं. माणसाच्या रक्तात साखर दोन्हीकडे असते, तांबड्या पेशींच्या आत आणि बाहेरच्या पाण्यातही. कुत्र्याच्या तांबड्या पेशींच्या आत ती फार थोडी असते, जवळजवळ सगळी बाहेर. बनवणाऱ्याने मीटरमधला हिशेब माणसाच्या रक्तावरून बसवलेला. त्या हिशेबात कुत्र्याची साखर कमी दिसते. काकांचं मशीन खोटं बोलत नव्हतं. कुत्र्यालाही ते माणूसच समजत होतं.

फरक साधारण सारखाच पडत होता. मी त्यावरून एक तक्ता केला. मीटर एवढं दाखवतो तर खरी शुगर एवढी. पिंकीवर तो छान चालला. कीटोन गेले, तिचा तो वास गेला, खाणं सुरू झालं. काकांना डॉक्टरांनी कानाच्या कडेतून रक्त घ्यायला शिकवलं. गरम फडक्याने कान शेकायचा, कडेला हलकेच टोचायचं. पिंकी निमूट बसायची. काका मात्र टोचताना स्वतःचे डोळे मिटून घ्यायचे, आणि आम्ही दोघी ओरडायचो, "काका, बघून टोचा!"

ललितजी खूश झाले. "बस, ये चार्ट छपवा देते हैं. हर डिब्बे में एक."

चार्ट छापायला जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात होते. एक जीप येऊन थांबली. देपालपूरकडचे एक पटेलजी, शेतावरचा राखणीचा कुत्रा चादरीत गुंडाळून घेऊन आले. काळा, थोराड कुत्रा. नाव कालू. मान टाकलेली, पाय थरथरत होते.

"तीन दिन से कुछ खाया नी, मैडमजी," पटेल म्हणाले. "आज सबेरे से तो पहचानता भी नी है."

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. कानाच्या मागे गोचिड्या. "टिक फीव्हर असणार," त्या म्हणाल्या. गोचिडी चावल्यावर रक्तात एक जंतू शिरतो आणि तांबड्या पेशी फोडत सुटतो. "पण हे थरथरणं वेगळं दिसतंय. शुगर बघा."

मी स्ट्रिप लावली. मीटरवर आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"तक्ता काय म्हणतो?"

"तक्त्याने एकशे तीसच्या वर जाते. एकदम नॉर्मल."

"म्हणजे ग्लुकोज द्यायची गरज नाही." डॉक्टरांनी कालूच्या थरथरत्या पायांवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणता?"

मी सिरिंजमधल्या रक्ताकडे बघत होते. रोज बघायचे ते घट्ट, गडद रक्त हे नव्हतं. सरबतासारखं पातळ होतं. स्ट्रिपला थेंब लावला तेव्हा तो झर्रकन आत ओढला गेला होता, हेही मला तेव्हाच खटकलं होतं. डाय हाउसमध्ये एक गोष्ट शिकले होते. घट्ट द्रावणात रंग इलेक्ट्रोडपर्यंत सावकाश पोहोचतो, पातळ द्रावणात लवकर. इथेही तेच. तांबड्या पेशींची गर्दी असली की साखरेला वाट काढायला वेळ लागतो. माणसाच्या रक्तातली नेहमीची गर्दी धरूनच मीटर बनवलेला आहे. गर्दीच नसेल, तर साखर धावत पोहोचते, करंट जास्त वाहतो आणि आकडा फुगतो.

"डॉक्टर, याच्या रक्तात पेशीच नाहीत. माझा तक्ता अशा रक्तावर केलेला नाही. आकडा खरा नसणार. खूप कमी असेल."

"नक्की?"

"नक्की नाही. पण तक्त्यावर विसंबू नका."

त्यांनी माझ्यावर आणि त्या पांढऱ्या हिरड्यांवर विश्वास ठेवला. लॅबसाठी रक्त बाजूला काढलं आणि शिरेतून ग्लुकोज सोडायला लागल्या. पटेल कालूचं डोकं मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसले होते. आधी पायांची थरथर थांबली. मग कान हलला. मग त्याने डोळे उघडून पटेलांकडे बघितलं आणि शेपटीचं टोक फरशीवर आपटलं, एकदाच.

"पहचान लिया," पटेल म्हणाले, आणि तो मोठ्या मिशांचा माणूस तिथेच रडायला लागला.

लॅबचा आकडा संध्याकाळी आला. बेचाळीस.

मी रिपोर्ट घेऊन सरळ ऑफिसला गेले. ललितजी चार्टचं प्रूफ बघत होते. मी रिपोर्ट त्याच्यावर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. तक्ता निरोगी रक्ताच्या कुत्र्यावर चालतो. रक्त कमी असलेल्या कुत्र्यावर तो उलटा मारतो. आणि आपल्याकडे गोचिड्यांचा तोटा नाही. गाय, म्हैस, घोडा यांच्यावर तर आपण काहीच तपासलेलं नाही.

मला वाटलं, आता नोकरी गेली. मिलच्या गेटवरची ती नोटीस डोळ्यांसमोर आली.

ललितजींनी चष्मा काढला. "कुत्ता बच गया?"

"हां सर."

"हमारे चार्ट से जाता तो मर जाता?"

"शायद."

त्यांनी प्रूफची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मग गाय, घोडा आणि कुत्र्याच्या ब्रोशरचा गठ्ठा उचलून बाहेर शिपायाला दिला. "रद्दी में." माझ्याकडे वळून म्हणाले, "अब बोलिए, क्या लिखना है?"

मी एक लहानशी चिठ्ठी लिहिली. हा मीटर माणसाच्या रक्तासाठी आहे. कुत्र्यामध्ये आकडा कमी दिसतो. एकाच कुत्र्याची शुगर कालच्यापेक्षा वाढली की उतरली, हे बघायला उपयोगी. रक्त कमी असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नये, लॅबला पाठवावं. बाकीच्या जनावरांवर आम्ही तपासलेलं नाही. हिंदीत छापून ती प्रत्येक खोक्यावर चिकटवली. छापण्याआधी डॉ. देशमुखांनी ती वाचली आणि फक्त एक शब्द वाढवला. 'भरवसा ठेवू नये'च्या आधी त्यांनी 'अजिबात' घातलं.

मीटिंगला डॉक्टर बरेच आले. मी पिंकीची आणि कालूची दोन्ही हकीकत सांगितली. मागच्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर उठून म्हणाले, "बेचने आए हैं, और बता रहे हैं कि मशीन ग़लत बताती है?" सगळे हसले. तेवढ्यात ललितजी उभे राहिले. "सर, जहाँ हमारी मैडम हाँ बोलें, वहाँ भरोसा कीजिए. जहाँ ना बोलें, वहाँ मत कीजिए. हम दोनों बात लिखके दे रहे हैं."

त्या दिवशी मोजकेच मीटर गेले. मुंबईहून जो फोन आला, तो ललितजींनी दार लावून घेतला. काय बोलणी खाल्ली, ते मला कधी सांगितलं नाही. एजन्सी टिकली. पुढे आमच्याकडे डॉक्टर स्वतः फोन करायला लागले. जनावरांचेच नाही, माणसांचेही. "मैडम, डायलिसिसवाले पेशंट में ये मीटर चलेगा क्या? उसका तो खून कम रहता है." मी म्हणायचे, विचारलंत ते बरं झालं.

कालू टिक फीव्हरमधून पूर्ण बरा झाला. पटेल पुढच्या हंगामात शेतातल्या वांग्यांची टोपली घेऊन दवाखान्यात आले, आणि अर्धी माझ्यासाठी म्हणून ठेवून गेले. पिंकीचं डॉक्टरांनी गर्भाशय काढायचं ऑपरेशन केलं. माजावर येणाऱ्या कुत्रीत डायबेटीस आवरत नाही, हे मला तेव्हाच कळलं. काका आधी तयार होत नव्हते, मग झाले. नंतर तिला इन्सुलिन बरंच कमी लागायला लागलं. पुढे मोतीबिंदू होऊन तिची दृष्टी गेली. कुत्र्यांत डायबेटीसमुळे ते होतंच. पण घर तिला पाठ होतं, आणि ती आणखी काही वर्षं आरामात जगली. काका भेटले की पहिल्यांदा तिची शुगर सांगायचे, मग स्वतःची.

मी रिटायर होईपर्यंत त्याच ऑफिसात राहिले. ललितजींनी मला दारात घेतलं, आणि त्याहून मोठं म्हणजे माझा 'ना' ऐकून घेतला. डॉ. देशमुखांनी, मी 'नक्की नाही' म्हटलेलं असताना माझं ऐकलं. आयुष्यात अशी दोन माणसं एका वेळी भेटणं हे नशीब. मिल बंद पडली नसती तर भेटली नसती, हेही मान्य करायला हवं, जरी मिलच्या गेटसमोरून जायचं मी अजून टाळते.

पुढे कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे मीटर निघाले. त्यांच्या रक्तावरच बसवलेले. आता तर कातडीला चिकटवायचे सेन्सर आले आहेत. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी एकच सांगायचे. नवं मशीन हातात आलं की आधी विचारायचं, हे कोणाच्या रक्तावर तपासलंय? काहींनी ते ध्यानात ठेवलं. बाकीचे सेल्समध्ये गेले.